कृष्णाकाठचा रस्ता रुंद नको, शांत हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ३ जून आला की सगळ्या पेपरांत जागतिक सायकल दिनाच्या बातम्या येतात, टोप्या घातलेले पाहुणे, झेंडा दाखवणं, दोन किलोमीटरची रॅली आणि नंतर नाश्ता. युनोने २०१८ साली हा दिवस जाहीर केला, चांगलंच केलं, पण ४ जूनला ज्या रस्त्यावर आम्ही सायकल चालवतो त्या रस्त्याबद्दल कुणी काही लिहीत नाही म्हणून शेवटी मीच लिहायला बसले. पत्र लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी साताऱ्यात राहते, माध्यमिक शाळेतून रिटायर झाले. गेली सहा वर्षं आम्ही चौघीजणी जवळपास दर रविवारी सायकलने कृष्णाकाठ धरून जातो, लिंब, पाचवड, वाई, मेणवली आणि अंगात जोर असेल तर धोम. सातारा ते वाई साधारण ३५ किलोमीटर, पुढं धोमपर्यंत गेलं तर आणखी आठ-नऊ. स्पीडचं आम्हाला काही नाही. पुण्याहून येणारी तरुण मुलं वाईतून पसरणी घाट चढून पाचगणीला जातात, तो जवळपास सहाशे मीटरचा चढ आहे, त्यांना बघून कौतुक वाटतं, पण आमचं मन खालीच रमतं, नदीच्या बाजूला. नदीकाठच्या जुन्या रस्त्यांचा एक गुण असतो, ते भरलेल्या बैलगाडीसाठी पडलेले असतात, त्यामुळे बैलाला झेपेल एवढाच चढ, आणि जो चढ बैलाला झेपतो तो साठीच्या बाईलाही झेपतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते पायांनाच कळलं.

आता या रस्त्यावर काय आहे ते आधी सांगते, कारण आपल्याच जिल्ह्यातल्या लोकांना ते माहीत नसतं. हायवेवरून ऐंशीच्या स्पीडने जाताना नागेवाडीच्या पुढं उजवीकडे लिंबची पाटी दिसते आणि मागं पडते, बस. आत वळलं की पाच मिनिटांत हायवेचा आवाज बंद होतो आणि ऊस सुरू होतो. लिंबमधल्या शेरीची बारा मोटांची विहीर बघितली नसेल तर जरूर बघा. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली, शके १६४१ ते १६४६ म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, तसा शिलालेखच आहे तिथं. खोली शंभर फुटांच्या वर, वरून बघितलं तर आठ कोनांची, आणि विहिरीच्या पोटात चक्क एक छोटा महाल, खांबांवर कोरीव काम असलेला. आंब्याच्या मोठ्या बागेला पाणी द्यायला एवढा खटाटोप केलेला. वर मोटा बसवायच्या दगडी जागा अजून तशाच आहेत. आम्ही तिथं सायकली टेकवून खाली उतरतो, सकाळी सात वाजता दगड गार असतो, हात टेकला की घाम जिरतो, आणि पाण्यावर पाकोळ्या येऊन जातात तेवढाच आवाज. एका बाईने तीनशे वर्षांपूर्वी पाण्याचा केवढा विचार केला असेल ते त्या पायऱ्यांवर बसल्यावर कळतं, चारचाकीतून उतरून दोन फोटो काढून परत गाडीत बसलं तर नाही कळत असं माझं स्पष्ट मत आहे.

तिथून पुढं पाचवड. खरी अडचण इथंच आहे, त्याबद्दल खाली लिहिते. पाचवडला हायवे सोडला की वाईपर्यंत रस्ता परत शेतातून. डाव्या हाताला वैराटगड आपल्याबरोबर चालत असतो, नंतर समोर पांडवगड. डिसेंबर-जानेवारीत नदीवर धुकं असं बसलेलं असतं की पलीकडचं गाव फक्त कोंबड्याच्या आवाजाने कळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजवायला लागतात, तो वास मी शब्दांत सांगू शकणार नाही, ओली माती आणि धूर आणि त्याच्यावर काहीतरी गोडसर, कपड्यांना लागून घरापर्यंत येतो. रंगपंचमीला बावधनचं बगाड असतं त्या दिवशी तर त्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आम्ही सायकल घरी ठेवून नुसतं देवाला जातो.

वाईबद्दल काय लिहावं, वाईकरांना राग यायचा थोडक्यात लिहिलं तर. घाटावरचा ढोल्या गणपती सगळ्यांना माहीत आहे, १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं देऊळ, पण देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे आणि ती पुराचं पाणी कापायला तशी केलीय हे किती जण मागं जाऊन बघतात? प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा उत्सव वेगळा, ज्याचा त्याचा मान वेगळा. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच गावात बसून उभं केलं, पहिला खंड १९७६ ला आला, आणि आमच्या शाळेच्या लायब्ररीत ते खंड मी स्वतः कव्हरं घालून लावले होते, म्हणून त्या गावात शिरताना मला आजही जरा वेगळं वाटतं. अफझलखानाचा तळ १६५९ ला वाईतच होता हे मी मुलांना वीस-पंचवीस वर्षं शिकवलं, पण इथून प्रतापगडाकडे बघायला कसे डोंगर आडवे येतात ते सायकलवर बसल्यावर समजलं.

आणि मग मेणवली. वाईपासून तीन-चार किलोमीटर, म्हणजे चहा पिऊन निघालं तर अंग गरम व्हायच्या आत येतं. नाना फडणवीसांचा वाडा, सहा चौकांचा, आणि वाड्याच्या मागच्या दारातून सरळ घाटावर उतरायचं. नाना १८०० साली गेले, त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी जिऊबाई याच वाड्यात राहिल्या, हे मला वाड्याच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वाटतं पण सांगणारे ते शेवटी एका वाक्यात सांगतात. घाटावर एक छोटं देऊळ आहे, त्यात पंचधातूची मोठी घंटा टांगलीय. चिमाजी आप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर मेरीमाता आणि बाळ येशू कोरलेत आणि १७०७ हा आकडा आहे. मी दरवेळी त्या आकड्यावरून बोट फिरवते. धातू गार असतो आणि कडा इतक्या वर्षांनीही हाताला लागतात. पोर्तुगालची घंटा, पेशव्यांचा घाट, कृष्णेचं पाणी, आणि खाली एखादी बाई गोधड्या आपटत असते. तो आपटण्याचा आवाज समोरच्या काठावर जाऊन परत येतो. शांतता होती म्हणून तो मला ऐकू आला, आणि माझं सगळं म्हणणं त्या शांततेबद्दलच आहे.

धोमला नृसिंहाचं देऊळ आहे आणि शंकराच्या देवळापुढं दगडी कमळाच्या आकाराचं कुंड, त्यात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. कुंडात पाणी भरलं की कमळ पाण्यावर आल्यासारखं दिसतं. पुढं धरणाचं पाणी, मागं कमळगड, तिथं आम्ही डबे उघडतो. थेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तेव्हा काय बरं वाटतं.

माझी भाची ऑस्ट्रियात असते. ती डॅन्यूब नदीच्या काठाने सायकल चालवते, तिकडच्या वाखाउ खोऱ्यात, मेल्क ते क्रेम्स. तिने फोटो पाठवले, नदी, द्राक्षाचे मळे, जर्दाळूच्या बागा, आणि ड्युर्नश्टाईन म्हणून एक गाव जिथल्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता. युनेस्कोने २००० साली ते खोरं जागतिक वारसा म्हणून घेतलं. मी तिला विचारलं की किती किलोमीटर, तर म्हणाली छत्तीसेक. म्हणजे सातारा-वाई एवढंच! जगभरातून लोक विमानाने तिथं सायकल चालवायला जातात. मी विचारलं की असं काय केलंय त्यांनी? तर म्हणाली, मावशी, फार काही नाही, मोठ्या गाड्यांचा रस्ता वेगळा आहे, सायकलला नदीकाठची बारकी वाट आहे, प्रत्येक वळणावर छोटी पाटी आहे आणि रेल्वेत सायकल घेऊन बसता येतं. एवढंच. मला रात्रभर झोप नाही आली, कारण त्यातलं अर्धं आपल्याकडे आयतंच आहे, आणि आपण ते घालवायला निघालोय.

आपल्याकडे रस्ता चांगला करणं म्हणजे रुंद करणं असा एक समज पक्का बसलाय. सुरूर फाट्यावरून वाईकडे येताना तो वडांचा रस्ता बघा. एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता हायवेवर डांबर पाघळत असतं आणि फाट्यावरून आत वळून त्या वडांखाली आलं की माठातलं पाणी पाठीवर ओतल्यासारखं होतं. पारंब्या खाली लोंबतात त्या सगळ्या एका उंचीवर सरळ रेषेत कापल्यासारख्या, का तर ट्रकचा टप लागून लागून त्या तेवढ्यावरच थांबतात. रुंदीकरणाचं नाव निघालं की झाडांच्या बुंध्यावर रंगाने आकडे पडतात, हे आपण जिल्ह्यात किती ठिकाणी बघितलं. वडाचं झाड दुसरीकडे लावतो म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे, की शंभर वर्षांची सावली कुठल्या नर्सरीत मिळते? जागा पाहिजेच असेल तर बाहेरून वळणरस्ता काढा, शेतकऱ्याला जमिनीचा नीट मोबदला द्या, पण गावातला जुना रस्ता आणि ती झाडं आहेत तशी राहू द्या.

आता अडचणीचं. लिंबकडून परत हायवेला लागायचं आणि पाचवडपर्यंत जायचं, हा सगळा तुकडा सायकलवाल्यासाठी जिवावरचा आहे. सर्व्हिस रोड मध्येच संपतो, जिथं आहे तिथं उलट्या बाजूने मोटारसायकली येतात, आणि क्रॉसिंगला दोन्हीकडे बघून बघून मान दुखते. या एका तुकड्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये यायला बऱ्याच बायका तयार होत नाहीत. त्यांना सायकल येते, हौस आहे, पण नवरा, मुलगा म्हणतो हायवेला जाऊ नको, आणि खरं सांगायचं तर ते चूक म्हणत नाहीत. नदीच्या बाजूने शेतातून, गावागावांतून पाणंद रस्ते आहेत, ते नुसते जोडले आणि मुरूम टाकून चांगले दाबले तरी हायवेला शिवायची गरज राहणार नाही. डांबरसुद्धा नको. शेतकऱ्यालाही तोच रस्ता पावसाळ्यात लागतो, चिखलात ट्रॉली रुतते तेव्हा त्याचे काय हाल होतात ते आम्ही बघितलंय.

गेल्या जानेवारीत मी पडले ते सांगते, कुणाला नावं ठेवायला नाही. संध्याकाळी परत येताना उशीर झाला होता, चूक आमचीच, साडेसहा वाजून गेले होते, पाचवडच्या अलीकडे समोरून ट्रकचे लाईट डोळ्यावर आले आणि माझ्या पुढं चार हातांवर उसाची ट्रॉली उभी होती हे मला ऊस नाकाला लागायच्या वेळी कळलं. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, पंक्चर झालेलं, मागं लाल लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसतं वाडं लोंबतंय. मी डावीकडे घेतलं तर साईडपट्टी डांबरापासून वीतभर खाली, चाक घसरलं आणि मी खडीवर. उजवं मनगट मोडलं. ट्रॅक्टरवाला पोरगा विशीचा असेल, तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता, मावशी मावशी करत पळत आला. शेजारच्या शेतात ऊसतोड टोळीच्या खोपी होत्या, तिथल्या दोघी बायका पाणी घेऊन आल्या, एकीने डोक्याचा फडका सोडून माझ्या हाताला बांधला आणि तीन दगडांच्या चुलीजवळ बसवलं, गाडी येईपर्यंत तासभर मी तिथं होते. तिची सहा-सात वर्षांची मुलगी माझं हेल्मेट डोक्यावर घालून बघत होती. त्या मुलीची शाळा कुठली, हा विचार अजून माझ्या डोक्यात आहे, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

त्या पोराची चूक म्हणावी तर खेपेवर पैसे मिळतात, पंक्चरला थांबला तर खेप बुडते, रिफ्लेक्टर त्याने कधी लावायचा आणि कोणी द्यायचा? हंगाम सुरू व्हायच्या आधी काट्यावर येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला, बैलगाडीला, मागं लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावल्याशिवाय वजनच करायचं नाही असं कारखान्यांनी ठरवलं तर एका आठवड्यात सगळ्या गाड्यांना पट्ट्या लागतील. खर्च किती, एका गाडीला चहा-वड्याचे पैसे. आणि साईडपट्टी! डांबराचा थर दरवेळी वर चढतो आणि कडेचा मुरूम आहे तिथंच राहतो, त्यामुळे ती पायरी तयार होते. रस्त्याचं बिल काढताना साईडपट्टी भरल्याशिवाय काम पूर्ण धरू नका. प्लॅस्टर निघाल्यावर मी याबद्दल एका ऑफिसात अर्ज घेऊन गेले होते. तो रस्ता आमच्याकडे येत नाही, दुसऱ्यांकडे जा, असं सांगितलं, दुसऱ्यांनी परत पहिल्यांकडे पाठवलं. मला भांडायचं नाही, माझ्याकडे अजून अर्जाची कॉपी आहे, रस्ता ज्यांचा असेल त्यांनी ती न्यावी.

पर्यटन वाढलं पाहिजे असं सगळेच म्हणतात, मलाही वाटतं. पण कुठलं पर्यटन? सुट्टीच्या दिवशी मेणवलीच्या घाटावर गाड्यांची दारं उघडी टाकून गाणी लावतात, प्री-वेडिंगवाले धुराच्या कांड्या लावतात, आणि मग ते गोधडीचं आपटणं काही ऐकू येत नाही. मी कुणाच्या लग्नाच्या आड येत नाही, फोटो काढा, पण आवाज तेवढा बंद ठेवा, ती माणसांची राहती गावं आहेत. आणि गावाला फायदा कुणाचा जास्त याचा हिशोब करा. गाडीवाला हायवेला पोटभर खातो, वाईत दर्शन घेतो आणि थेट महाबळेश्वर. सायकलवाल्याचं पोट वीस किलोमीटरला रिकामं होतं, तो लिंबला चहा पिणार, पाचवडला पोहे खाणार, वाईत पेरू घेणार, मेणवलीत लिंबू सरबत. आम्ही चौघी दर फेरीला चार ठिकाणी थांबतो आणि चार ठिकाणी पैसे देतो. माझ्या घरी वर्षाची हळद रस्त्यावरच्या त्या शेतकऱ्याच्या घरची आहे, ज्याच्या अंगणात पहिल्यांदा पाणी मागायला थांबलो होतो. आता त्यांची सून आम्हाला बघून आधीच आधण ठेवते. तिलाच मी एकदा विचारलं की तुम्हाला काय पाहिजे गावात, तर म्हणाली, काकू, बाहेरून आलेल्या बायकांसाठी घाटाजवळ एक साधा संडास बांधला आणि स्वच्छ ठेवला तर बरं होईल, सगळ्या आमच्याच घरात येतात आणि नाही म्हणवत नाही. एवढं साधं काम, कुठल्या आराखड्यात बसतं ते जाणकारांनी बघावं.

माझं मागणं मोठं नाही. कोटींचा सायकल ट्रॅक नको, रंगीत पट्टे नकोत, उद्घाटनाची कोनशिला तर अजिबात नको. जुना रस्ता शांत ठेवा, वड ठेवा, साईडपट्टी भरा, पाणंदी जोडा, ट्रॉलीला लाल पट्टी लावा, आणि गावागावांत एक छोटी पाटी, की हे लिंब, विहीर इकडे, हे मेणवली, घाट इकडे, पुढचं गाव इतके किलोमीटर.

आणि एक विनंती तुम्हाला. तुमचा एखादा प्रतिनिधी, जमलं तर तुम्ही स्वतः, एक रविवार आमच्याबरोबर या. पोवई नाक्यावरून सकाळी सहाला निघतो, थंडीत साडेसहाला. सायकल नसेल तरी चालेल, माझ्या मुलाची गियरची सायकल घरी पडून आहे, मी ट्यूब बदलून, चेनला तेल घालून ठेवते. येताना दमला तर वाईतून टेम्पोत सायकली टाकून येऊ. फक्त हळद शिजायच्या दिवसांत या, आणि लवकर कळवा म्हणजे मी एक डबा जास्त करीन.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा